बिनसाखरेची सकाळ

१

ज्या माणसानं केल्सो बेंड गावाला पाच वर्षं साखर सोडायला लावली, तोच माणूस शनिवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात सगळ्या गावासमोर ओरडला, “साखर! अरे, कुणीतरी साखर द्या मला!” आणि टेबलावरचं कापड ओढत खाली कोसळला.

आधी लोक हसले. डॉक्टर रॉयडन फाल्कला नाटकं करायची सवय होतीच. आर्डिथ नोव्होत्नी मात्र हसली नाही. काउंटीच्या पोलिसात तिची निम्मी हयात गुन्हे तपासण्यात गेली होती. पडायचं सोंग करणारा माणूस हात टेकतो, हे तिला ठाऊक होतं. फाल्कनं हात टेकले नव्हते.

त्या सकाळी ती पोलीस म्हणून आलीच नव्हती. गुडघे बोलायला लागले होते, रक्तदाब चढला होता, आणि नवरा रोज जेवताना टोमणे मारत होता. ओहायो नदीकाठच्या या गावात वजन उतरवायचं तर डॉक्टरी देखरेखीचे तीन रस्ते होते, आणि तिन्हींची तुलना एकाच ठिकाणी ऐकायला मिळणार होती. वाचनालय चालवणाऱ्या बर्नडीन अटलीनं ही सभा ठरवली होती. बर्नडीन म्हणजे गावची निवृत्त मास्तरीण. विधवा, काटक, आणि हिशेबाला वाघीण. दाराशीच ती टोपली घेऊन उभी होती.

“पर्समधल्या गोळ्या, चॉकलेटं, सगळं यात टाका! जाताना परत मिळेल. आर्डिथ, तू आधी!”

“अगं, माझ्याकडं काही नाही.”

“तुझा उजवा खिसा खुळखुळतोय बाई. पोलिसानं खोटं बोलू नये.”

हशा पिकला. आर्डिथनं निमूटपणे टॉफ्यांची पुडी टोपलीत टाकली.

मग बर्नडीननं फळ्यावर तीन रकाने आखले. पहिला फाल्कच्या खासगी दवाखान्याचा. महिना तीनशे डॉलर, आठवड्याला एक इंजेक्शन, घरीच टोचायचं, विमा नको, कटकट नको. दुसरा इस्पितळातल्या नर्स कॉरिन वास्कोचा. जेवणाऐवजी मोजून पूड घोळलेलं पेय, दर आठवड्याला रक्ततपासणी, आणि नशीब चांगलं असलं तर निम्मा खर्च विम्याकडून. तिसरा सर्जन अँसेल्म टियर्नीचा. पोट कापून लहान करायचं, खर्च नव्या मोटारीएवढा, विमा देतो, पण आधी सहा महिने दुसरे उपाय करून हरल्याचं सिद्ध करावं लागतं.

“आणि आता तिघांना एकच प्रश्न,” बर्नडीन खडू आपटत म्हणाली. “काही बिनसलं, तर रविवारी फोन कोण उचलतं?”

कॉरिननं हात वर केला. टियर्नीनंही केला. फाल्क नुसता गोड हसला.

बोलायची पहिली पाळी त्याचीच होती. नेहमीप्रमाणे त्यानं कातडी पिशवीतून औषधाची कुपी काढली, सुई भरली, शर्ट वर केला आणि सगळ्यांसमोर आपल्या सपाट पोटात टोचून घेतली. “जे तुम्हाला देतो, ते आधी मी घेतो,” हे त्याचं ब्रीदवाक्य. जत्रेत, चर्चच्या अंगणात, सगळीकडं त्यानं हे करून दाखवलेलं होतं. त्याच्यानंतर कॉरिन बोलली, टियर्नी बोलला. प्रश्नोत्तरं सुरू झाली, आणि फाल्कचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला आर्डिथला दिसला. तो अडखळायला लागला. मग त्यानं टेबलावरची कुपी उचलून डोळ्यांजवळ धरली, तिच्यावरच्या निळ्या लेबलाकडं पाहिलं, आणि ओरडला.

कॉरिन आतल्या स्वयंपाकघरातून कॉफी घेऊन धावत आली. “तीन चमचे साखर घातलीय! प्या डॉक्टर!” कुणीतरी कोला पाजला. टियर्नी व्हरांड्यातल्या शीतपेयांच्या यंत्राकडं धावला आणि हात हलवत परत आला. “बंद पडलंय!” बर्नडीन फाल्कचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या तोंडाशी कान लावून. “बोला डॉक्टर, बोला,” ती पुटपुटत होती.

टॉफ्यांची आठवण होऊन आर्डिथ दाराकडं पळाली.

टोपली तिथं नव्हती.

२

काउंटीची एकुलती रुग्णवाहिका हमरस्त्यावरच्या अपघाताकडं गेलेली होती. ती येईपर्यंत फाल्क बेशुद्ध झाला होता. रुग्णवाहिकेतल्या मुलीनं त्याचं बोट टोचून रक्तातली साखर पाहिली, तेव्हा आकडा इतका खाली होता की तिला यंत्रच बिघडल्यासारखं वाटलं. शिरेतून साखर दिली, पण मेंदू जळून गेला होता. सोमवारी फाल्क मेला.

मंगळवारी प्रयोगशाळेतून फोन आला.

“कुपीत वजन उतरवायचं औषध नव्हतंच,” तिकडचा माणूस म्हणाला. “निव्वळ इन्सुलिन. मधुमेह नसलेल्या माणसाला एवढं टोचलं तर काय होणार?”

“कुणीतरी औषध काढून त्यात इन्सुलिन भरलं, असंच ना?”

“तीच तर गंमत आहे. भरायचं तर झाकणाच्या रबरातून सुई घालावी लागते. या रबराला एकच भोक आहे. डॉक्टरनं स्वतः पाडलेलं. कुपी कारखान्यातून आली तशीच बंद होती.”

आर्डिथनं फोन ठेवला आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे विष कुणी कालवलंच नव्हतं. कुपीवर लेबल फाल्कच्या दवाखान्याचं, आत मृत्यू, आणि सील शाबूत!

दुपारी वाचनालयाच्या कचऱ्यात शोधताना हवालदाराला दुसरी कुपी मिळाली. लेबल तसंच निळं. पण हिच्या रबराची चाळण झालेली होती, इतक्या वेळा त्यात सुई घुसली होती. तपासली तर आत काय?

मिठाचं पाणी.

३

“मला धरायचं असेल तर आत्ताच धरा,” कॉरिन वास्को म्हणाली. इस्पितळाच्या तळघरातल्या तिच्या खोलीत पुडीच्या डब्यांची चळत छतापर्यंत गेलेली होती. “फाल्कनं मला त्याच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून काढलं हे गावाला ठाऊक आहे. कॉफीही मीच दिली. आता म्हणे स्वयंपाकघरातल्या त्या बरणीत साखर नव्हतीच!”

“नव्हती. शुगर-फ्रीची पूड होती. रंग, दाणा, सगळं साखरेसारखं.”

कॉरिनचा चेहरा पडला. “म्हणजे मी त्याला... अहो, मी खरंच साखर म्हणून घातली. आणि माझ्यामुळंच टियर्नी फसले. ते म्हणाले, ‘साखर पोटात गेली, कोला गेला, तरी सुधारत नाही. म्हणजे साखरेचा प्रश्नच नाही. हा हृदयाचा झटका असणार.’ मग आम्ही दोघं त्याची छाती आणि रक्तदाब बघत बसलो.”

“कोलाही बिनसाखरेचा होता.”

“असणारच. वजन उतरवायच्या सभेत दुसरा कोण ठेवेल?”

“नोकरी का गेली तुझी?”

कॉरिन पुडीच्या डब्यावर नखानं रेघा ओढत राहिली. “मी विचारलं म्हणून. महिना तीनशेत हे औषध परवडतं कसं? मूळ कंपनीचं हजाराच्या वर जातं. मी म्हटलं, डॉक्टर, हे येतं कुठून? दुसऱ्या दिवशी माझं कपाट रिकामं करून ठेवलं होतं त्यानं.”

सर्जन टियर्नीनं आर्डिथला फार वेळ दिला नाही. “तो मला खाटीक म्हणायचा,” हात धुता धुता तो म्हणाला. “माझे निम्मे रोगी पळवले. मी काय रडणार आहे त्याच्यासाठी? पण बाई, माणूस मारायचा तर मला दोन कुप्यांचा खेळ कशाला करावा लागेल? आणि मी तर उशिरा आलो. माझ्या आधी त्याची पिशवी बर्नडीनच्या खोलीत पोचली होती. आम्हा सगळ्यांचे कोट तिथंच होते.”

“शीतपेयांचं यंत्र बंद होतं म्हणालात.”

“काळंठिक्कर. दिवा नाही, आवाज नाही.”

आर्डिथ परत वाचनालयात गेली आणि त्या यंत्रामागं वाकून हात घातला. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. यंत्र मुळीच बिघडलेलं नव्हतं.

कुणीतरी वायर भिंतीतून उपटून ठेवली होती.

४

फाल्कच्या बायकोला, शेरिलला, सुतक पाळायला वेळ नव्हता. दवाखान्याच्या दारावर ‘लवकरच पुन्हा सुरू’ अशी पाटी ती स्वतःच लावत होती. दवाखान्याची सगळी खरेदी तिच्या हातात असे.

“मिठाचं पाणी?” ती फिस्सकन हसली. “मग काय, खरं औषध टोचून घेणार होता तो? एकदा घेतलं होतं, तर चार दिवस संडासातून उठला नाही. त्याला वजन उतरवायचं नव्हतंच, तो काडीपहिलवान! लोकांना दाखवायला एक कुपी होती, तीच पुन्हा पुन्हा पाण्यानं भरायची. वर्षानुवर्षं एकच.”

“आणि लेबल निळं.”

“हो, जुनं. आता आमची लेबलं हिरवी आहेत.”

“कधी बदलली?”

शेरिलचा हात पाटीवर थबकला. “वसंतात.”

“का?”

“रॉयडनला हिरवा आवडतो. आवडायचा.”

“बाई, आपण पाणीच टोचून घेतलंय अशी तुमच्या नवऱ्याची खात्री होती. मग घाम फुटल्यावर त्यानं डॉक्टर का नाही बोलावला? छाती धरून का नाही बसला? त्यानं निळं लेबल पाहिलं आणि साखर मागितली. पाणी टोचलेला माणूस साखर कशाला मागेल?”

शेरिल दाराला कुलूप लावायला वळली.

“निळ्या लेबलाच्या खऱ्या कुप्यांत काय आहे, हे त्याला माहीत होतं म्हणून. तुम्हालाही माहीत होतं. कुठून आणल्या होत्या?”

“मला वकील हवा,” शेरिल म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून तिनं पुस्ती जोडली, “आम्हाला फसवलं हो कुणीतरी! निम्म्या भावात माल देणारा माणूस, दुसऱ्या राज्यातला. काही खोकी बरोबर होती, काहींत भलतंच निघालं. कळलं त्या दिवशी आम्ही उरलेला सगळा माल नदीत ओतला.”

“आणि जो विकून झाला होता?”

शेरिलनं पाटीचं टोक नीट केलं आणि पाठ फिरवली.

आर्डिथ गाडीत येऊन बसली. महिना तीनशे, विमा नको, कटकट नको. मागच्या वर्षी तिनंही याच दवाखान्याचा नंबर फिरवला होता. लाइन लागली नव्हती, एवढंच.

पण आता एक गोष्ट लख्ख झाली होती. मारणाऱ्यानं फाल्कला परकं विष घातलंच नव्हतं. फाल्कनं जे विकलं, तेच त्याच्या पिशवीत परत ठेवलं होतं. ती कुपी कुणातरी गिऱ्हाइकाच्या घरी, फ्रिजमध्ये, न उघडता राहून गेलेली होती.

गिऱ्हाईक मात्र राहिलेलं नव्हतं.

५

आता प्रश्न एवढाच होता की ते घर कुणाचं.

आर्डिथनं मनाशी एकेक माणूस उभा करून पाहिला. शेरिल सभेला फिरकलीच नव्हती. टियर्नी आला तेव्हा सभा भरत आली होती, त्याला स्वयंपाकघरात घुसून बरणी रिकामी करायला सवड कुठली? कॉरिनला सूड घ्यायचा असता, तर खोटी साखर घातलेला पेला ती सगळ्यांदेखत स्वतःच्या हातानं कशाला पाजती? पोरगी रागीट होती, पण मूर्ख नव्हती.

हे काम ज्यानं केलं, त्यानं कुपी बदलून हात झटकले नव्हते. सभेच्या आधीच येऊन त्यानं इमारतीतली सगळी साखर वेचून काढली होती. बरणी बदलली, यंत्राची वायर उपटली, कोला बिनसाखरेचा आणला. आणि सत्तर लोकांच्या पर्सा हसतखेळत रिकाम्या करून घेतल्या. पोलिसाच्या खिशातल्या टॉफ्यासुद्धा!

ती टोपली बालविभागाच्या कपाटात सापडली होती, कुलूपबंद. “पोरं हात मारतील म्हणून ठेवली गं,” असं बर्नडीननं शनिवारीच सांगितलं होतं, आणि आर्डिथनं ते ऐकून सोडून दिलं होतं. मैत्रीण होती ना.

बुधवारी संध्याकाळच्या आधीच ती बर्नडीनच्या घरी गेली. बर्नडीननं पायरीवरूनच हाक मारली. “ये. कॉफी टाकते. साखर किती?”

“विचारतेस?” आर्डिथ म्हणाली.

दोघी आत गेल्या. बर्नडीनचा म्हातारा कुत्रा खुर्चीवर टाकलेल्या राखी स्वेटरचा उजवा खिसा चाटत होता. हाकललं तरी परत येऊन चाटत होता. खिसा कडक, चिकट झालेला होता. शनिवारी बर्नडीनच्या अंगात हाच स्वेटर होता. डाव्या हातानं तिनं फाल्कचं डोकं धरलेलं आर्डिथला आठवलं. उजवा हात शेवटपर्यंत खिशात होता.

आर्डिथनं बोटानं खिसा चाचपला आणि बोट नाकाशी नेलं.

“ग्लुकोज,” ती म्हणाली. “बर्नडीन, साखर तुझ्या खिशात होती.”

६

“वेन्डेलची ट्यूब,” बर्नडीन म्हणाली. वेन्डेल तिचा नवरा. “मधुमेहानं वीस वर्षं छळलं त्याला. साखर एकदम उतरली की त्याच्या तोंडात पिळायला मी ती नेहमी खिशात ठेवायची. तो गेला तरी सवय गेली नाही.”

ती खाली बसली. तिच्या बोलण्यात रडं नव्हतं. शाळेत कठीण गणित समजावताना ती जशी थंडपणे बोलायची, तशीच बोलत होती.

“जॉयलीन आठवते ना, माझी धाकटी बहीण?”

आर्डिथला आठवत होती. नदीपलीकडं नांदायला गेलेली, लठ्ठ, खळखळून हसणारी बाई. मार्चमध्ये वारली होती. हृदय बंद पडलं, असं सगळ्यांनी म्हटलं.

“हृदय! जाड बाई मेली की डॉक्टर दुसरं काही बघतच नाहीत. स्वयंपाकघरात पडलेली सापडली. फ्रिज उघडा, जमिनीवर मधाची बाटली, तोंडाला, गळ्याला, केसांना मध. दफनाला आलेले लोक दाराआड काय म्हणाले ते मी ऐकलंय. ‘खाता खाता गेली बिचारी.’ तिचा नवरा मान वर करून बघू शकला नाही. मीसुद्धा, आर्डिथ. मीसुद्धा मनात म्हटलं, एवढे पैसे भरून औषध घेत होतीस, आणि चोरून मध?”

कुत्र्यानं पुन्हा खिशाकडं मान नेली. बर्नडीननं स्वेटर उचलून मांडीवर घेतला.

“महिन्यानं तिचा फ्रिज आवरायला गेले. दोन कुप्या मिळाल्या. एक अर्धी, एक कोरी. अर्धीचं रबर मी सहज हुंगलं, आणि पुन्हा हुंगलं. वीस वर्षं रोज सकाळी माझ्या घराला तोच वास होता. जखमेला लावायच्या चिकटपट्टीसारखा. इन्सुलिनचा. मग कळलं, ती मध खात नव्हती. घाम फुटलाय, डोळ्यांसमोर अंधार, आणि जीव वाचवायला जे हाताला लागलं ते तोंडात ओततेय माझी बहीण! आणि आम्ही तिला खादाड म्हणून पुरली.”

“फाल्ककडं गेली होतीस?”

“गेले. अर्धी कुपी घेऊन. त्यानं ती ठेवून घेतली, माझा हात थोपटला आणि म्हणाला, दुःखानं माणसाला भलभलते वास येतात. आठ दिवसांत लेबलं हिरवी झाली. राज्याच्या कचेरीत तक्रार केली, त्यांनी पुरावा मागितला. पुरावा तर त्याच्याच हातात दिला होता मी, मूर्खासारखा.”

“कोरी कुपी उरली होती.”

“ती मी कुणालाच दाखवली नाही. म्हटलं, आता पुरावा नको, न्याय हवा.” पहिल्यांदाच तिचे डोळे पेटले. “मला त्याला नुसता मारायचा नव्हता. माझी बहीण ज्या साखरेसाठी तडफडली, तिच्यासाठी त्यानं सगळ्या गावादेखत तोंड वेंगाडावं, एवढंच हवं होतं. तो साखर मागेल, म्हणजे लोकांना कळेल की याला माहीत होतं. आणि मागितली! ऐकलंस ना? ओरडून मागितली!”

“पण ट्यूब तुझ्या खिशात होती.”

“द्यायला आणली होती. देवाशपथ. एक अट होती फक्त. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी कानात म्हटलं, साखर माझ्याकडं आहे. तिचं नाव घे, लगेच देते. बोल.”

“मग?”

बर्नडीननं स्वेटरचा कडक खिसा मुठीत धरला.

“त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. आणि विचारलं, ‘कुठली?’”

“कुठली?” आर्डिथनं पुन्हा म्हटलं.

“एकच असती, तर त्यानं नाव घेतलं असतं, नाही तर कानांवर हात ठेवले असते,” बर्नडीन म्हणाली. “तो आठवत होता, आर्डिथ. कितीजणींतली कुठली, ते आठवत होता. मग माझी मूठ आपोआप वळली. ट्यूब खिशातच फुटली. मी त्याच्या तोंडाशी कान लावून बसले आणि त्याला जाऊ दिलं.”

“तू त्याला वाचवू शकली असतीस.”

“हो. पश्चात्ताप नाही.”

“होईल,” आर्डिथ म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला. “कारण त्या बाकीच्या कोण, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. माल नदीत गेला, बायको वकिलाच्या पदराआड लपलीय. त्या बायका अजून खादाड म्हणूनच मातीत पडल्यात, बर्नडीन. त्यांची नावं त्याच्या डोक्यात होती, आणि ते डोकं तुझ्या मांडीवर होतं.”

बर्नडीनचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. हे गणित तिनं मांडलेलंच नव्हतं. मग स्वेटर घट्ट छातीशी धरून ती उठली आणि आपण होऊनच गाडीकडं चालू लागली. कुत्रा फाटकापर्यंत तिच्या मागं आला.

७

शेरिल फाल्कला दुसऱ्याच दिवशी आत घेतलं. ती तोंड उघडेना. सरकारी वकील म्हणाला, एक मेलेली बहीण आणि एक खुनी साक्षीदार, एवढ्यावर खटला उभा राहणार नाही.

आर्डिथनं दवाखान्याचा नाद सोडला आणि वेगळीकडून हात घातला. काउंटीतल्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या पोरांना आणि दफनाची व्यवस्था बघणाऱ्यांना तिनं एकच प्रश्न विचारला. गेल्या हिवाळ्यापासून अशी कुणी जाड बाई पाहिलीत का, जी स्वयंपाकघरात मरून पडली होती, आणि जिच्या घरचे लोक तुमच्याशी बोलताना खाली बघत होते?

पहिल्यांदा सगळे ‘नाही’ म्हणाले. मग एकेकाला आठवायला लागलं. मेलेल्याची अब्रू झाकायची म्हणून जे कुणी बोललं नव्हतं, ते दबक्या आवाजात बाहेर यायला लागलं. एकीच्या मुठीत चुरलेली बिस्किटं होती. दुसरीनं सरबताची बाटली दातांनी उघडली होती.

रविवारी ती टेकडीवरच्या एका घरी पोचली. दार उघडणारा माणूस, लॉनी हॅच, खाणीतून निवृत्त झालेला, सहा फुटी, पण खांदे पडलेले. बायको डॉर्लिस फेब्रुवारीत गेली होती.

“पोलीस कशाला?” तो म्हणाला. “हृदय होतं तिचं. डॉक्टरनं लिहून दिलंय.”

“ती फाल्ककडं जात होती?”

“जात होती. स्वस्त पडायचं. मीच म्हटलं होतं, इस्पितळापेक्षा तिकडं जा.”

“हॅच, एक विचारते. तुम्हाला सापडली तेव्हा तिच्या हातात काय होतं?”

तो ताठ झाला. दार लोटून घ्यायला त्यानं हात उचलला. मग तो हात तसाच दारावर राहिला.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी सगळं धुतलं होतं. तोंड धुतलं, हात धुतले, मगच लोकांना बोलावलं.” त्याचा आवाज फाटला. “नातीच्या वाढदिवसाचा केक होता. दोन्ही हातांनी... पोरांनासुद्धा सांगितलं नाही मी. माणसाला काय काय ऐकावं लागलं असतं. तुम्ही नाही का समजणार?”

“समजते,” आर्डिथ म्हणाली. “म्हणूनच आलेय. तुम्ही खाली बसा आधी.”

तो पायरीवर बसला. गुडघे कुरकुरले तरी तीही त्याच्या शेजारी बसली.

“तुमची बायको खात नव्हती, हॅच,” ती म्हणाली. “ती जगायला धडपडत होती.”